सुईच्या आधी तपासणी : कुत्र्या-मांजरांचा डॉक्टर घडतो कसा?

वरणगाव (ता. भुसावळ) : शेतात राखणीला कुत्रं, घरात उंदरांसाठी मांजर आणि दारात दोन बकऱ्या. वरणगाव परिसरातल्या मळ्या-वस्त्यांवर हे नेहमीचं चित्र आहे. गाय-म्हैस आजारी पडली की डॉक्टरांना लगेच फोन जातो, कारण दुधाचा प्रश्न असतो. कुत्रं आजारी पडलं तर मात्र 'दोन दिवस बघू' असं होतं. तिसऱ्या दिवशी मेडिकलमधून माणसाची गोळी आणून भाकरीत घालतात, नाहीतर ओळखीतल्या कुणाला बोलावून 'एक सुई मारून द्या भाऊ' म्हणतात. जगलं तर सुईमुळे, मेलं तर त्याचं नशीब.

याच्या उलट अनुभव मोठ्या शहरातल्या जनावरांच्या दवाखान्यात येतो. तिथे सुई लवकर मिळत नाही. आधी एक पोरगा येऊन प्रश्न विचारतो, मग दुसरी मुलगी तेच विचारते, मग मोठे डॉक्टर येऊन परत तेच विचारतात. गावाकडचा माणूस वैतागतो. 'एवढे जण आहेत, पण औषध कोणी देत नाही' असं त्याला वाटतं.

खरं तर तिथे जे चाललेलं असतं त्यालाच डॉक्टर घडणं म्हणतात. हे शिक्षण कसं होतं ते समजलं, तर आपण कोणाच्या हातून सुई घेतोय आणि डॉक्टरला काय सांगायला पाहिजे, हेही समजतं. कुत्र्याच्या आजाराचा संबंध घरातल्या लेकरांच्या जिवाशीही येतो, म्हणून हा विषय फक्त हौशी लोकांचा नाही.

लहान जनावरं म्हणजे कोणती?

पशुवैद्यकीय शिक्षणात जनावरांचे ढोबळ दोन गट करतात. गाय, म्हैस, बैल, घोडा ही मोठी जनावरं. कुत्रा, मांजर, ससा ही लहान जनावरं. बकरी-मेंढी अंगाने लहान असली तरी ती रवंथ करते, तिचं पोट गायीसारखं चार कप्प्यांचं असतं. म्हणून तिचा उपचार बहुतेक मोठ्या जनावरांच्या बाजूने शिकवतात.

हा फरक महत्त्वाचा का? कारण औषध वजनावर आणि जातीवर ठरतं. चारशे किलोच्या गायीचा हिशोब चार किलोच्या पिल्लाला लावला तर पिल्लू मरतं. वजन बरोबर धरलं तरी जात वेगळी असते. माणसाला चालणारी पॅरासिटामॉल मांजराला विष आहे, कारण मांजराच्या लिव्हरला ती पचवता येत नाही. एक गोळीसुद्धा मांजराचा जीव घेऊ शकते. आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक यांसारख्या दुखण्याच्या गोळ्यांनी कुत्र्याच्या पोटात जखमा होऊन रक्त जातं, किडनी खराब होते. आपण मायेपोटी भाकरीत घातलेली गोळीच अशी जीव घेते.

साडेपाच वर्षांचा अभ्यास

जनावरांच्या डॉक्टरची पदवी म्हणजे बी.व्ही.एस्सी. अँड ए.एच. भारतीय पशुवैद्यक परिषदेच्या २०१६ च्या नियमांप्रमाणे हा अभ्यासक्रम साडेपाच वर्षांचा आहे. साडेचार वर्षं वर्ग आणि प्रात्यक्षिक, त्यानंतर पूर्ण एक वर्ष इंटर्नशिप, म्हणजे दवाखान्यात प्रत्यक्ष काम. हे वर्ष केल्याशिवाय पदवी पूर्ण होत नाही.

सुरुवातीला हाडं, स्नायू, पोटातले अवयव, रक्त, जंतू, औषधं असा पाया होतो. पुढच्या वर्षांत विद्यार्थी महाविद्यालयाच्या दवाखान्यात पाय ठेवतो. म्हणूनच पशुवैद्यकीय महाविद्यालयाला स्वतःचा चालता दवाखाना लागतो. ज्या दवाखान्यात रोज जनावरं येत नाहीत, तिथे डॉक्टर घडू शकत नाही. पोहणं जसं विहिरीत उतरल्याशिवाय येत नाही, तसंच हे आहे.

महाराष्ट्रात हे शिक्षण महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाकडे आहे. हे विद्यापीठ २००० साली नागपूरला सुरू झालं. मुंबई, नागपूर, परभणी, उदगीर आणि शिरवळ इथली महाविद्यालयं त्याच्याखाली येतात. अकोल्यात स्नातकोत्तर पशुवैद्यक व पशुविज्ञान संस्था आहे. भुसावळहून रेल्वेने गेलं तर मुंबईपेक्षा अकोला आपल्याला कितीतरी जवळ पडतं.

परळचं 'बैलघोडा हॉस्पिटल'

राज्यातलं हे शिक्षण सगळ्यात जुनं कुठे असेल, तर मुंबईत परळला. तिथलं पशुवैद्यकीय महाविद्यालय १८८६ साली सुरू झालं. त्याच्या शेजारी बाई साकरबाई दिनशॉ पेटिट यांच्या नावाचं जनावरांचं हॉस्पिटल त्याआधीच उभं राहिलं होतं. कापड गिरण्यांचे मालक सर दिनशॉ पेटिट यांनी त्यासाठी देणगी दिली, साकरबाई या त्यांच्या पत्नी. मुंबईकर आजही या जागेला 'बैलघोडा हॉस्पिटल' म्हणतात.

नाव असं का पडलं ते उघड आहे. तेव्हा मुंबईत मोटारी नव्हत्या. माल बैलगाडीतून जायचा, माणसं घोडागाडीतून. लंगडा बैल आणि जखमी घोडा हेच तिथले पेशंट. जगातही अशीच सुरुवात झाली होती. पहिलं पशुवैद्यकीय विद्यालय १७६१ साली फ्रान्समध्ये लिऑन शहरात स्थापन झालं. त्या काळात युरोपात ढोरांच्या बुळकांडीने हाहाकार केला होता. याच शास्त्राच्या जोरावर पुढे २०११ साली जगातून बुळकांडी संपल्याचं जाहीर झालं.

गाड्या आल्या, बैल-घोडे शहरातून कमी झाले आणि दवाखान्याच्या टेबलावर कुत्री-मांजरं दिसू लागली. जुलै २०२४ मध्ये मुंबईत महालक्ष्मीला टाटा ट्रस्ट्सचं फक्त लहान जनावरांसाठीचं मोठं हॉस्पिटल सुरू झालं. रतन टाटांच्या आग्रहातून ते उभं राहिलं. माणसाच्या मोठ्या हॉस्पिटलात असतात तशा तपासण्या आणि अतिदक्षता विभाग तिथे कुत्र्या-मांजरांसाठी आहेत.

वरणगावहून मुंबईला कुत्रं घेऊन कोण जाणार, असं कोणी म्हणेल. बरोबर आहे. पण अशा दवाखान्यांत शिकलेले डॉक्टरच पुढे तालुक्याच्या दवाखान्यात येतात. म्हणून तिथे काय शिकवतात ते बघू.

एकच प्रश्न तिघे का विचारतात?

जनावराला बोलता येत नाही. त्याच्या वतीने मालक बोलतो. म्हणून विद्यार्थ्याला पहिला धडा मिळतो तो माणसाला नीट विचारण्याचा. त्याला दवाखान्यात 'हिस्ट्री घेणं' म्हणतात. समजा, शेतकरी आजारी पिल्लू घेऊन आला. बोलणं साधारण असं होतं :

"काका, वय किती याचं?"

"चारेक महिन्याचं असेल."

"कधीपासून खात नाही?"

"परवापासून. पाणी पितो, पण लगेच ओकतो."

"संडासमध्ये रक्त आहे का?"

"आज सकाळी लाल दिसलं, डॉक्टरसाहेब."

"लस कोणती दिली?"

"लस नाही दिली अजून."

"शेतात फवारणी, उंदरांचं औषध असं काही?"

"फवारणी चालू आहे चार दिवसांपासून."

इथे विद्यार्थ्यासमोर दोन वाटा उभ्या राहतात. लस न दिलेल्या पिल्लाला उलट्या आणि रक्ताची हगवण म्हणजे पार्व्हो हा विषाणूचा आजार असू शकतो. फवारणी चालू आहे म्हणजे विषबाधाही असू शकते. दोन्हीचा उपचार वेगळा आहे. पार्व्होत विषाणूला मारणारी साधी सुई नाही, सलाईन देऊन शरीरातलं पाणी टिकवावं लागतं आणि दुसरे जंतू वाढू नयेत म्हणून औषध द्यावं लागतं. हे पिल्लू इतर कुत्र्यांपासून लांबही ठेवावं लागतं. विषबाधेत पोटात काय गेलं, कधी गेलं, त्यावर सगळं ठरतं.

शेवटचा प्रश्न विचारला नसता तर दुसरी वाट दिसलीच नसती. म्हणून नवा विद्यार्थी विचारतो, मग वरचा विचारतो, शेवटी प्राध्यापक विचारतात आणि विद्यार्थ्याचं काय सुटलं ते त्याला तिथेच दाखवतात. पेशंटच्या मालकालाही दुसऱ्यांदा विचारल्यावर एखादी विसरलेली गोष्ट आठवते. असं कुठे झालं तर वैतागू नका. तुमच्या जनावराला एकाऐवजी तीन जणांचे डोळे मिळत असतात.

नाकापासून शेपटीपर्यंत, रोज त्याच क्रमाने

विचारून झालं की तपासणी. ती नाकापासून शेपटीपर्यंत ठरलेल्या क्रमाने करायची, ही सवय विद्यार्थ्याला लावतात. जखम पायाला असली तरी डोळे, कान, तोंड, छाती, पोट सगळं बघायचं. कारण उघड दिसणाऱ्या जखमेकडे नजर अडकते आणि आतला मोठा आजार सुटतो.

काही आकडे विद्यार्थ्याला पाठ असावे लागतात. ते आपल्यालाही उपयोगी आहेत :

• निरोगी कुत्र्याचं तापमान साधारण १०१ ते १०२.५ डिग्री फॅरनहाइट असतं. माणसाचं ९८.६ च्या आसपास. म्हणजे निरोगी कुत्रंसुद्धा आपल्या हाताला गरमच लागतं. हात लावून 'ताप आहे' म्हणण्यात अर्थ नाही, थर्मामीटर लागतं आणि ते गुदद्वारात लावतात.

• मोठ्या कुत्र्याच्या हृदयाचे ठोके मिनिटाला साधारण ६० ते १००, लहान जातीत १४० पर्यंत. नाडी मागच्या मांडीच्या आतल्या बाजूला लागते.

• निरोगी कुत्र्याच्या हिरड्या गुलाबी असतात. बोटाने दाबून सोडलं की दोन सेकंदांच्या आत रंग परत येतो. उशीर लागला तर रक्ताभिसरण बिघडलेलं असतं. पांढऱ्या हिरड्या म्हणजे रक्त कमी, पिवळ्या म्हणजे कावीळ.

• मानेवरची कातडी चिमटीत धरून सोडली की लगेच खाली बसली पाहिजे. उभी राहिली तर शरीरातलं पाणी कमी झालंय.

पुस्तकात हे एका पानात मावतं. पण घाबरलेल्या, हलणाऱ्या, गुरगुरणाऱ्या कुत्र्याची नाडी मोजायला हात बसावा लागतो. पहिली पन्नास कुत्री तपासताना विद्यार्थ्याला फक्त नेहमीचं काय ते कळतं. नेहमीचं पक्कं झालं की मगच वेगळं काय ते हाताला जाणवतं. केळीच्या बागेत रोज फिरणाऱ्याला रोगट पान लांबून दिसतं, तसंच.

आधी धरायला शिका

कुत्र्याला नीट धरणं हासुद्धा अभ्यासाचा भाग आहे. घरचं मायाळू कुत्रंही दुखलं की चावतं. विद्यार्थ्याला आधी अंगाची भाषा वाचायला शिकवतात. कान मागे, शेपूट पायात, डोळ्याचा पांढरा भाग दिसतोय, एकदम स्तब्ध उभं आहे, म्हणजे ते चावण्याच्या तयारीत असू शकतं.

मग कापडी पट्टीने तोंड बांधायला शिकवतात. पट्टीचा फास तोंडावरून घालायचा, हनुवटीखाली एक वेढा आणि कानामागे गाठ. पण ओकणाऱ्या, धाप लागलेल्या किंवा उन्हाने तापलेल्या कुत्र्याचं तोंड बांधायचं नाही, कारण ते गुदमरतं. मांजराला जाड टॉवेलात गुंडाळतात किंवा झाकणाच्या टोपलीत आणायला सांगतात.

हे काम करणाऱ्या विद्यार्थ्यांना रेबीजची लस आधीच घ्यावी लागते. कारण पुढचं प्रकरण तसंच आहे.

एक लक्षण, चार कारणं

तोंडातून लाळ गळणारं कुत्रं आलं, तर काय समजायचं? इथे शिकलेला डॉक्टर आणि नुसता सुई मारणारा यांच्यातला फरक सगळ्यात जास्त दिसतो.

पहिलं कारण, दातात किंवा टाळूत अडकलेलं हाड. कुत्रं पंजाने तोंड खाजवतं. हाड काढलं की काम झालं, सुईची गरज नाही.

दुसरं, फवारणीच्या औषधाची विषबाधा. कपाशी-केळीवर मारायची काही कीटकनाशकं पोटात गेली किंवा अंगाला लागली तर लाळ गळते, बुबुळाचा काळा ठिपका टाचणीएवढा होतो, अंग थरथरतं, हगवण लागते. इथे वेळ फार थोडा असतो. ॲट्रोपिन हे त्यावरचं औषध, तेही वजनाच्या हिशोबाने आणि डॉक्टरच्या नजरेखाली.

तिसरं, उष्माघात. भुसावळ-वरणगाव पट्ट्यात मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो. कुत्र्याला आपल्यासारखा घाम येत नाही, ते धापा टाकून अंग थंड करतं. पत्र्याच्या शेडखाली साखळीला बांधलेलं कुत्रं तापून कोसळतं. त्याला सावलीत घेऊन साध्या पाण्याने ओलं करायचं, वारा घालायचा आणि दवाखाना गाठायचा. बर्फात बुडवायचं नाही.

चौथं कारण रेबीज, म्हणजे पिसाळणं. घसा आणि जबडा लुळा पडतो, गिळता येत नाही, म्हणून लाळ गळते. आवाज बदलतो, वागणं बदलतं. काही कुत्री आक्रमक होतात, पण काही गुपचूप कोपऱ्यात पडून राहतात. 'घशात हाड अडकलं' समजून लोक तोंडात हात घालतात, तो हात लाळेने भिजतो आणि बोटावर बारीकशी जखम असली तरी विषाणू आत जाऊ शकतो.

म्हणून विद्यार्थ्याला सक्त शिकवण असते : लाळ गळणाऱ्या कुत्र्याच्या तोंडात आधी हात नाही. आधी विचारा, लांबून बघा, रेबीजची शंका आहे का ते ठरवा, हातमोजे घाला. शंका असेल तर त्या कुत्र्याला वेगळं ठेवतात आणि कोणाकोणाचा संपर्क आला त्याची नोंद करतात.

लक्षणं सुरू झाल्यावर रेबीजमधून माणूस वाचत नाही असंच धरून चालावं लागतं. पण चावल्यानंतर वेळेत लस घेतली तर तो टळतो. लुई पाश्चर यांनी १८८५ मध्ये कुत्रा चावलेल्या नऊ वर्षांच्या मुलाला लस देऊन हे पहिल्यांदा दाखवलं. कुत्रं चावलं, ओरबाडलं किंवा जखमेला लाळ लागली तर साबण आणि वाहत्या पाण्याने १५ मिनिटं धुवा आणि लगेच सरकारी दवाखान्यात जा. हळद, चुना, मिरची काही लावू नका. खोल जखमेत लसीबरोबर जखमेभोवतीचं इंजेक्शनही लागतं, ते डॉक्टर ठरवतील. बकरी किंवा गायीला पिसाळलेलं कुत्रं चावलं तरी पशुवैद्यकाला त्याच दिवशी सांगा, त्यांनाही लस असते.

टाके घालायचा सराव

ऑपरेशन एकदम जिवंत जनावरावर शिकवत नाहीत. आधी फोमच्या तुकड्यावर, कापडावर किंवा मॉडेलवर टाके घालायचा सराव करतात. जगभरातले वैद्यकीय विद्यार्थी केळीच्या सालीवरही टाके शिकतात. साल नाजूक असते, जास्त ओढलं की फाटते, म्हणून हाताला अंदाज येतो. आपल्या केळीचा असाही उपयोग आहे.

त्यानंतर विद्यार्थी मोठ्या डॉक्टरांच्या शेजारी उभा राहतो. आधी नुसतं बघायचं, मग हत्यारं द्यायची, मग एखादा टाका, मग पूर्ण ऑपरेशन, पण शेजारी अनुभवी डॉक्टर हवाच. कुत्रीची नसबंदी हे शिकण्याचं मोठं ऑपरेशन असतं. त्यात बीजकोश आणि गर्भाशय काढतात. भूल किती द्यायची, श्वास आणि ठोके कोण मोजणार, शुद्धीवर येईपर्यंत अंग गरम कसं ठेवायचं, हे सगळं त्यात शिकायला मिळतं.

याचा गावाला उपयोग काय? मोकाट कुत्र्यांची नसबंदी आणि लसीकरण ही २०२३ च्या केंद्राच्या नियमांनुसार स्थानिक स्वराज्य संस्थेची जबाबदारी आहे. ते काम करायला असे शिकलेले हात लागतात. पाळलेल्या कुत्रीच्या बाबतीतही हेच. माज येऊन गेल्यावर महिना-दोन महिन्यांत कुत्री सुस्त झाली, खूप पाणी पिऊ लागली, योनीतून पू आला, तर गर्भाशयात पू झालेला असू शकतो. त्यात वेळेत ऑपरेशन झालं नाही तर ती दगावते.

कोण डॉक्टर, कोण सहायक, कोण नुसताच सुईवाला?

भारतीय पशुवैद्यक परिषद कायदा १९८४ चा आहे. त्यानुसार नोंदणी झालेल्या पदवीधरालाच पशुवैद्यक म्हणून व्यवसाय करता येतो. महाराष्ट्रात ही नोंदणी राज्य पशुवैद्यक परिषदेकडे होते. इंटर्नशिप संपल्यावर तो नंबर मिळतो.

डिप्लोमा झालेले पशुधन पर्यवेक्षक गावात मोठं काम करतात. लसीकरण, कृत्रिम रेतन, प्रथमोपचार या कामांत त्यांचाच आधार असतो. कायद्याने त्यांना नोंदणीकृत पशुवैद्यकाच्या देखरेखीखाली किरकोळ सेवा देता येतात. म्हणून श्रेणी १ च्या दवाखान्यात पदवीधर पशुधन विकास अधिकारी असतात आणि श्रेणी २ मध्ये पर्यवेक्षक किंवा सहायक. दोघांचं काम वेगळं, दोघांची गरज आहे.

तिसरा प्रकार मात्र धोक्याचा. कुठेतरी कंपाउंडरकी केली, बॅगेत चार बाटल्या आल्या आणि डॉक्टर झाला. तो स्वस्त पडतो, हाकेला येतो आणि मागितली की लगेच सुई देतो. पण त्याला एक लक्षणाची चार कारणं कोणी शिकवलेली नसतात.

यात थोडा दोष आपलाही आहे. जो डॉक्टर तपासून 'आज सुई नको, एवढं पाणी पाजा आणि उद्या दाखवा' म्हणतो, त्याला आपण कच्चा समजतो. जो काही न बघता तीन सुया देतो, तो आपल्याला हुशार वाटतो. अशाने चांगल्या डॉक्टरलाही गावात सुई दिल्याशिवाय भागत नाही.

दवाखान्यात जाताना

• जनावराचं वय, कधीपासून आजारी, काय खाल्लं, लस कधी दिली, हे लिहून न्या. घरातला जो माणूस रोज खायला घालतो त्यालाच सोबत पाठवा. सालदाराला जास्त माहीत असेल तर त्याला फोन लावून द्या.

• उलटी, हगवण किंवा झटका आला तर मोबाइलवर व्हिडिओ काढा. दवाखान्यात गेल्यावर झटका थांबलेला असतो, तेव्हा व्हिडिओ कामी येतो.

• विष खाल्ल्याची शंका असेल तर डब्याचं किंवा पुडीचं लेबल घेऊन जा.

• आधी कोणी काय दिलं ते लपवू नका. डॉक्टर रागावतील म्हणून लोक सांगत नाहीत आणि त्याच औषधाचा डबल डोस होतो.

• गोचीड मारायला फवारणीचं औषध कुत्र्याला कधीच लावू नका. गोचिडांमुळे रक्तातला ताप येतो, नाकातून रक्त येऊ शकतं. त्यासाठी रक्ताची तपासणी करून मिळणारं वेगळं औषध असतं.

• पिल्लाला साधारण दीड-दोन महिन्यांपासून पार्व्होची लस सुरू होते आणि पुढे ठरावीक अंतराने परत द्यावी लागते. रेबीजची लस साधारण तिसऱ्या महिन्यात आणि पुढे डॉक्टर सांगतील तशी दरवर्षी.

• ढोरं-बकऱ्यांसाठी फिरत्या पशुवैद्यकीय पथकाचा टोल फ्री नंबर १९६२ आहे. तो मोबाइलमध्ये सेव्ह करून ठेवा.

बारावीच्या पोरांसाठी

या शिक्षणासाठी बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र आणि इंग्रजी लागतं. खुल्या गटाला या विषयांत ५० टक्के गुण हवेत, राखीव गटांना सवलत आहे. प्रवेश नीटच्या गुणांवर होतो. देशपातळीवरच्या १५ टक्के जागा भारतीय पशुवैद्यक परिषद भरते, बाकीचे अर्ज विद्यापीठाच्या प्रवेश प्रक्रियेतून. नीट दिलेली बरीच पोरं एमबीबीएस हुकलं की वर्ष वाया घालवतात, पण हा वेगळा अर्ज भरायचं त्यांना माहीतच नसतं. ज्याने लहानपणापासून बकरीची पिल्लं सांभाळली, म्हशीचं वेत पाहिलं, त्याचा हात जनावराला लवकर बसतो. शहरातल्या मुलाला जे दवाखान्यात पहिल्यांदा दिसतं, ते शेतकऱ्याच्या लेकीने गोठ्यात पाहिलेलं असतं.

जळगाव जिल्ह्यात, सावद्याला असं महाविद्यालय व्हावं ही मागणी जुनी आहे. महाविद्यालय आलं की दवाखाना येतो आणि दवाखाना आला की त्याचा पहिला फायदा आजूबाजूच्या तालुक्यांतल्या जनावरांना होतो. म्हणून इमारतीइतकाच दवाखान्याचाही आग्रह धरायला पाहिजे.

तोवर आपल्या हातात एक साधी गोष्ट आहे. पुढच्या वेळी डॉक्टर बॅगेतून सुईच्या आधी थर्मामीटर काढतील आणि 'कधीपासून?' असं विचारतील, तेव्हा घाई करू नका. त्या प्रश्नासाठीच ते साडेपाच वर्षं शिकलेत.